लाडवांना आलेला साबणाचा वास

सोनूबाई माझी शेजारीण. तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. ती गेली तेव्हा सगळे म्हणाले, बाईने कधी कुणाचं वाईट केलं नाही. खोटं कशाला बोलू? एकीचं केलंन, आणि ते तिला मरेपर्यंत टोचत होतं.

ती एक म्हणजे तिची धाकटी जाऊ, मैना. मूलबाळ नसताना विधवा झालेली. सोनूबाईच्या हरिश्चंद्राला तिनेच कडेवर वाढवलंन. बंदरावरच्या फौजदाराकडे ती कपडे धुवायला जायची, म्हणून अख्ख्या वाडीत साबण लागलेले हात तेवढे तिचेच.

सत्तावीस सालच्या शिमग्यानंतर हरिश्चंद्र मुंबईला गिरणीत निघाला. सोबत लाडू हवेतच. लाल तांदूळ कोंड्यासकट दळलेला, मैना चुलीपाशी पीठ भाजत होती. सोनूबाईला घाई.

"उतर गो ती कढई!"

"वयनी, पीठ अजून कच्चं हाय. वास सुटला नाय."

"मुंबईची बोट काय तुझ्या वासासाठी थांबणार हाय? उतर म्हटलं ना!"

मैनेने उतरलंन. गूळ आणि घरचं नारळाचं तेल घालून दोघींनी लाडू वळले.

आंब्यांच्या दिवसांत पोरगा घरी आला तो फणफणतच. "आई, लाडू पुढं पुढं साबणासारखे लागायला लागले! खोलीतली माणसं मला साबण्या म्हणतात."

सोनूबाईने क्षणभर विचार केलान नाही. "ह्या मैनेचेच हात! नीट धुतलेन नसतील." माझ्या चुलीला पुन्हा शिवायचं नाही, असं चारचौघांत म्हणाली. मैना आपल्या हातांकडे बघत राहिली. तेही सोसलं असतंन, पण हरिश्चंद्र तिच्या हातचं पाणी घेईना. मग ती भावाकडे जयगडला निघून गेली.

पुढे कितीतरी वर्षांनी सोनूबाईने एकटीनेच लाडू केले. लाकडं ओली, धुराने डोळे चुरचुरले, पीठ अर्धवट भाजून खाली घेतलंन. नारळाचं तेल मधेच संपलं, म्हणून उरलेल्या पिठात तूप घातलंन. महिन्याभराने डबे उघडले तर काय! तेलाच्या लाडवांना साबणाचा वास, तुपाच्यांना बोकडाचा. घरात साबण नाही, मैना नाही. सोनूबाईने दोन्ही डबे आळीपाळीने हुंगलेन. मग पुन्हा पीठ घेतलंन, खमंग भाजलंन, तेच तेल घातलंन. ते लाडू शेवटचा संपेपर्यंत चांगले राहिले.

माझा भाचा शेतकी शिकलेला. तो म्हणाला, "मावशी, धान्याच्या कोंड्यात एक द्रव्य असतं, ते तेलातुपाची फोड करतं. नारळाच्या तेलाची फोड झाली की साबणाची चव येते, तुपाची झाली की बोकडाचा वास. नीट भाजलं की ते द्रव्यच मरतं." मैना अडाणी खरी, पण कढईजवळ बोलली होती ते बरोबरच होतं.

सोनूबाईला अन्न गोड लागेना. पुढच्या शिमग्याला हरिश्चंद्र आला, तेव्हा त्याच चारचौघांत तिने सांगितलंन, "पीठ मी कच्चं उतरायला लावलं. नाव तिचं घेतलं." पोरगा भरल्या ताटावरून उठला. आम्ही तिघं जयगडला गेलो.

"काकी, पाणी दे," हरिश्चंद्र दारातूनच म्हणाला.

मैना उठली ती आधी चुलीकडे गेली. राखेने हात कोपरापर्यंत घासलेन, हुंगलेन, मग तांब्याला हात लावलान. साबण तिने तेव्हाच सोडला होता. हातांना भेगा पडलेल्या.

"नको गो घासूस!" सोनूबाई रडायलाच लागली. "तुझे हात नव्हते, माझी घाई होती."

मैनेने तांब्या हरिश्चंद्रापुढे केलान. "आता सांगतेस, वयनी?"

हरिश्चंद्र पाणी प्यायला. मैना घरी आली, चूलही तिच्याकडे आली. पण कढई चढवण्याआधी ती आपले हात हुंगायची. रोज. आणि सोनूबाई रोज तोंड फिरवून बाहेर अंगणात जायची.