नानांचा पाय आणि घरातला तज्ज्ञ

माझ्या वडिलांच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, म्हणून मी त्यांच्या सायकलची सीट बदलली.

यात चुकलं काय, हे समजण्यासाठी आमच्या घराण्याची पद्धत माहीत हवी. आमच्याकडे माणूस कधी बिघडत नाही, वस्तू बिघडते. आईला कमी दिसायला लागलं तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातला बल्ब बदलला. मग ट्यूब लावली. मग भिंतींना पांढराशुभ्र रंग दिला. मोतीबिंदू शेवटी शेजारच्या काकूंनी ओळखला! तोवर आमचं स्वयंपाकघर एवढं लख्ख झालं होतं की आत जाताना डोळे मिटावे लागायचे.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. मूळचे गंगापूरकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. आई गेल्यापासून त्यांचा दिवस एकाच गोष्टीवर उभा होता. सकाळी सातला सिडकोतल्या घरून सायकलवर निघायचं, शहागंजात भाजी घ्यायची, ओळखीच्या चार माणसांशी बोलायचं आणि नऊच्या आत परत यायचं. फ्रीजमध्ये मेथीच्या तीन जुड्या असल्या तरी चौथी यायचीच. माझी बायको ज्योती त्यावर चकार शब्द काढत नसे. ती फेरी थांबली तर नाना खुर्चीत बसतील आणि एकदा बसले की परत उठायचे नाहीत, ही भीती आम्हा दोघांनाही होती.

म्हणून एका सकाळी पिशवी टेकवत ते म्हणाले, "संज्या, उजवा पाय बधिर पडायलाय रे. पायडलवर हाय का नाय, तेच कळंना," तेव्हा मी लगेच कामाला लागलो.

दुर्दैवानं त्या सुमारास मी तज्ज्ञ होतो. नुकतीच गियरची सायकल घेतली होती आणि रविवारी पहाटे खुलताबादला जाणाऱ्या ग्रुपमध्ये नाव घातलं होतं. (घाटात मी उतरून सायकल ढकलत नेतो, ही माहिती अद्याप ग्रुपबाहेर गेलेली नाही.) शिवाय मोबाइलवर सायकलीचे इतके व्हिडिओ पाहिले होते की चालणाऱ्या माणसाकडे मी जरा कीव केल्यासारखं बघायचो. सीटमुळे नस दबते, हे निदान मी उभ्या उभ्या केलं आणि दुसऱ्या दिवशी मऊ सीट आणून बसवली.

पंधरा दिवसांनी पाय पुन्हा बधिर. मी सीट बोटभर वर घेतली. मग दोन बोटं खाली. मग तिचं नाक वाकवलं. हँडल बदललं. पायडल बदलले. दर रविवारी जेवणं झाली की मी पार्किंगमध्ये पाने-पक्कड मांडून बसायचो आणि नाना शेजारी स्टुलावर बसून मला हवा तो पाना हातात द्यायचे. काम झालं की ते तिथंच सायकलवर एक चक्कर मारायचे. मी विचारायचो, कसं वाटतंय? ते म्हणायचे, "आता लई बरं वाटतंय." मी कृतार्थ होऊन हात धुवायला जायचो.

त्यानंतर मी त्यांना बुडाला गादी शिवलेली सायकलवाल्यांची तंग चड्डी आणली. पायजम्याच्या आतून ती नानांनी तीन दिवस इमानदारीनं घातली. चौथ्या दिवशी परत केली. शहागंजातला एक भाजीवाला त्यांना बाजूला घेऊन मूळव्याधीवरचं झाडपाल्याचं औषध सांगत होता म्हणे.

शेवटी मी सायकल चंपा चौकातल्या करीमभाईंकडे नेली. नानांची सायकल तीस वर्षं तेच बघतात. त्यांनी चाक फिरवलं, सीट दाबून पाहिली, मी वाकवलेलं नाक मुकाट्यानं सरळ केलं आणि म्हणाले, "सायकल में कुछ नहीं है, साब. नाना को दिखाव किसी को." मला राग आला. बिघाड सापडला नाही की माणसं गिऱ्हाइकावरच ढकलतात, असं मी घरी येऊन ज्योतीला सांगितलं. ती म्हणाली, एकदा दाखवू या की. मी तिला नस कशी दबते ते चित्र काढून समजावलं.

अशा रीतीनं आठ महिने गेले.

मग एका सकाळी नाना एकाच चपलेवर घरी आले. उजवी चप्पल वाटेत कुठंतरी पडली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही खूप हसलो. नानाही हसले. चप्पल नवी होती, मीच आणलेली. ज्योती म्हणाली, फरशीवर लाल कसलं उमटलंय? पिशवीतलं बीट गळत असणार, मी म्हणालो आणि गाडीला किक मारली. (कच्चं बीट गळत नाही, हे ती दारातून ओरडून सांगत होती. पण तोवर मी चपलेच्या मोहिमेवर निघालो होतो.)

सेंट्रल नाक्यापासून रस्त्याच्या दोन्ही कडा धुंडाळत मी चंपा चौकापर्यंत गेलो. चप्पल करीमभाईंनी उचलून ठेवली होती. पडली तेव्हा त्यांनी हाक मारली, पण नाना तसेच अनवाणी पायानं पायडल मारत गेले. चप्पल देताना करीमभाई म्हणाले, "चप्पल नक्को देखो साब, पाँव देखो."

मी विजयी मुद्रेनं घरी आलो. नाना खुर्चीत बसले होते आणि ज्योती त्यांच्यासमोर खाली बसली होती. तिनं त्यांचा पाय उचलून तळवा माझ्याकडे केला. अंगठ्याच्या खाली काचेचा तुकडा रुतला होता आणि त्याच्या शेजारी एक जुनी, काळी पडलेली जखम होती. ती त्या दिवसाची नव्हती. नाना आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते. "काय हाय तिथं?" त्यांनी विचारलं. माझ्या हातात अजून चप्पल होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. पायाला काही लागल्याचं कळलं की हो म्हणा, म्हणाले. मग नायलॉनचा एक बारीक दोरा घेऊन त्यांनी तळव्यावर, टाचेवर, एकेका बोटावर टोचून पाहिलं. नाना परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते. बराच वेळ गेल्यावर ते अदबीनं म्हणाले,

"करा सुरू, डॉक्टर. मी तयार हाय."

तोवर डॉक्टरांची तपासणी संपली होती. वेळ साधून टाकलेलं इतकं अचूक वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि इतकं रडूही मला कधी आलेलं नाही.

साखर होतीच. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी गोळी दिली होती आणि नाना ती नेमानं घेत होते, ज्या दिवशी गोड खाल्लं त्या दिवशी. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय उपाय केले? मी सीटच्या कोनाबद्दल बोलायला लागलो. त्यांनी मला थांबवलं आणि नानांना विचारलं, त्यानं काही फरक पडला होता का?

"नाय," नाना म्हणाले. "पण पोरगं रविवारी दोन-दोन तास माझ्यापाशी बसायलं होतं. त्याला नाय कसं म्हणू?"

दोन बोटं गेली. पाय वाचला. सायकल मात्र बंद झाली ती झालीच, आणि भाजी आता मी आणतो. शहागंजातले ते चार लोक मला नानांची खुशाली विचारतात. मी बरे आहेत म्हणतो. नाना दिवसभर खुर्चीत असतात. ज्याची भीती होती तेच झालं आणि त्याला माझा हातभार लागला, हे मी कुणाला सांगत नाही.

डॉक्टरांनी सांगितलंय की नानांना पायाला लागलेलं कळत नाही, तेव्हा घरातल्या कुणीतरी रोज तळवे बघायचे. ते काम मी मागून घेतलं. सकाळी फरशीवर मांडी घालून मी त्यांचा पाय मांडीवर घेतो आणि बॅटरीच्या उजेडात बोटांच्या फटीसुद्धा तपासतो. परवा जरा जास्तच वेळ बसलो. उठायला गेलो तर माझाच पाय बधिर झालेला! धप्पकन खाली बसलो.

नानांनी विचारलं काय झालं. काही नाही, मुंग्या आल्या, मी म्हणालो. तर काठी न घेता ते खुर्चीतून उठले आणि ज्योतीला हाक मारून म्हणाले, "रिक्षा बोलव. याला दवाखान्यात न्यायचंय." मी चालून दाखवलं, उडी मारून दाखवली. त्यांनी काही ऐकलं नाही. पायात बूट चढवून, माझा दंड धरून ते दाराशी उभे राहिले. कितीतरी दिवसांनी ते घराबाहेर पडत होते.

माझ्या पायासाठी नानांना अर्धं मिनिट पुरलं. त्यांच्या पायासाठी मला आठ महिने लागले होते, आणि त्यातल्या एकाही रविवारी मी रिकामा बसलो नव्हतो.