तुंब्याला पाणी लागेपर्यंत

आमच्या जीपला मोठे टायर टाकले ते हौसेनं नाही, हे आधीच सांगून टाकते. पिंपळनेरच्या बाजारात गाडी उभी केली की कॉलेजची पोरं तिच्याजवळ उभी राहून फोटो काढतात आणि मला विचारतात, "आजी, रेसला नेता का?" रेस कसली बाबा! त्या गाडीतून आम्ही दळण नेतो, कांदा नेतो, सूनबाईच्या शिवणाच्या दुकानातले कापडाचे गठ्ठे नेतो. आणि आठवड्यातून दोनदा आमच्या ह्यांना धुळ्याला, डायलिसिसला.

आम्ही राहतो पिंपळनेरच्या पुढे, मळ्यात. घरापासून डांबरी सडकेपर्यंत काळ्या मातीची वाट, आणि मधे एक नाला. नाल्यावर पूल नाही, फरशी आहे. म्हणजे सिमेंटचा सपाट रस्ता पाण्यातूनच गेलेला, दोन्ही कडांना गुडघ्याएवढे दगडी खांब. उन्हाळ्यात त्या फरशीवर आम्ही मिरच्या वाळत घालतो. पावसाळ्यात तीच फरशी ठरवते, आज घराबाहेर पडायचं की नाही.

ह्यांची किडनी गेली तेव्हा पहिला पावसाळा कसाबसा निघाला. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशीच जीप वाटेतल्या चिखलात पोटावर बसली. चारही चाकं फिरतात, पण गाडी जागची हलत नाही. दिराचा ट्रॅक्टर येईस्तोवर दुपार टळली आणि डायलिसिसची पाळी बुडाली. डॉक्टर रागावले. म्हणाले, "पावसाळाभर धुळ्यात खोली घ्या, हा खेळ नाही." लेक जळगावला पाइपाच्या कारखान्यात असतो, रविवारी येतो. तोही तेच म्हणाला.

हे खाटेवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "माले धुयाले नई ऱ्हावानं."

"का नाही राहायचं?" लेकानं विचारलं.

"खोलीमा माणूस मराले जास. मन्हं वावर आठे शे, बैलजोडी आठे शे."

वावर इथं, बैल इथं, मग माणूसही इथंच, असं ह्यांचं म्हणणं. दोघा बापलेकांत अशी जुंपली की मी चहा तसाच परत नेला. शेवटी तोड ह्यांनीच काढली. गाडी चिखलात बसते ना? मग गाडी उंच करा. मोठे टायर टाका. "मी जासू-येसू. पन रातले मन्ही खाटवरच निजसू."

लेकाला ते पटलं असं नाही, पण बापापुढे तो हरला. जीप जळगावला घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी परत आणली. मी अंगणात तांदूळ निवडत होते. बघते तर काय, गाडी नेहमीपेक्षा चांगलीच वर उचललेली, टायर बाहेर डोकावतायत, त्यांच्यावर हे मोठाले दात. दीर बांधावरून ओरडले, "वहिनी, आता नानाले हत्तीवर बसाडशात का?"

ह्यांना सगळे नाना म्हणतात. हसण्यावारी नेलं, पण बोलले ते खरंच. ह्यांचा पाय काही पायरीपर्यंत जाईना. एक हात दाराला, एक माझ्या खांद्यावर, आणि पाय हवेतच. मी घरातून बसायचा लाकडी मोढा आणला. त्यावर चढून मग गाडीत. त्या दिवसापासून मोढा गाडीतच असतो. ह्यांना त्याची फार लाज. कुणी बघत असलं की म्हणायचे, "थांब, त्याले जाऊ दे."

आणखीही कटकटी होत्या. टायर बसवणाऱ्यानं चाकावरच्या पत्र्याची कड ठोकून आत दाबली होती, तरी स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासायचा, खर्रर्र असा. लेकानं बायकोला नीट समजावलं, "पूर्ण वळवू नकोस. ब्रेक जरा लवकर दाबायचा, गाडी आता पटकन थांबणार नाही. आणि काटा साठ दाखवेल तेव्हा साठापेक्षा जास्त पळत असशील." सूनबाई तशी धीट. ती म्हणाली, "एवढं सगळं बदललं, मग मीच बदलायची राहिले का?" पण चिखलाचं काम मात्र झालं, खोटं कशाला बोलू. ज्या जागी जीप पोटावर बसायची तिथून ती आता गुरगुरत निघून जायची, आणि हे पुढच्या सीटवर ताठ बसायचे, जणू टायर ह्यांनीच ओतले होते.

आता तुंब्याचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध जो लाकडाचा गोल गड्डा असतो, ज्यात आरे बसवतात, तो तुंबा. माझे सासरे गाडी नाल्यात घालायचे तेव्हा एक जण बाजूला वाकून तुंब्याकडे बघत राहायचा. पाणी तुंब्याला लागलं की माघारी. त्यात वाद नाही, बढाई नाही. त्या एका गोष्टीवर आमच्या भाऊबंदांत कधी भांडण झालं नाही, बाकी सगळ्यावर झालं. पुढे ट्रॅक्टर आला, जीप आली, तरी रीत तीच. जीपच्या चाकाच्या मध्यालाही आम्ही तुंबाच म्हणतो; तिथं ती टोपी असते ना, ती. नाल्यात गाडी घालायची, शेजारी बसणाऱ्यानं खिडकीतून वाकून टोपी बघायची.

श्रावणातली गोष्ट. दोन दिवस झड लागली होती. त्याच्या आदल्या पाळीला मशीनवर ह्यांचं बीपी पडलं, म्हणून अर्ध्यातच काढलं होतं. त्यामुळे अंगात पाणी साठलेलं. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा तो तसाच राहायचा. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून उशीला टेकून बसूनच होते. ती पाळी चुकवून चालणार नव्हती. हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती, मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

सकाळी निघालो. सूनबाई गाडीवर, हे तिच्या शेजारी, मी मागे मोढ्याजवळ. नाल्याशी आलो तर पाणी फरशीवरून चहाच्या रंगाचं वाहतंय. आवाजही मोठा.

सूनबाईनं गाडी थांबवली. "नाना, जास्त वाटतंय."

"घाल तू. मी देखस ना तुंबा."

तिनं गाडी हळूहळू आत घेतली. ह्यांनी काच खाली केली, छाती दारावर टेकवून वाकले. तेवढ्यानंही धाप लागत होती. मी त्यांच्या सदऱ्याची पाठ मुठीत धरून ठेवली.

"लागनं का?" मी विचारलं.

"नई. अजून चार बोटं खाले शे. चाल बेटा."

गाडी पुढे. पाण्याचा धक्का आता पत्र्यावर कळायला लागला. सूनबाईच्या हातातलं स्टीअरिंग थरथरत होतं.

"आता?"

"दोन बोटं. चाल, चाल. काही व्हस नई."

मी खिडकीतून कडेला बघितलं. का बघितलं कुणास ठाऊक. दरवर्षी पाणी तुंब्याला लागायचं, आम्ही माघारी फिरायचो, तेव्हा त्या दगडी खांबांची डोकी पाण्याबाहेर असायची. काळी, बुटकी, ओळीनं. मी तीस-चाळीस वर्षं बघत आलेय. आज खांबच नव्हते. एकही नाही. आणि हे म्हणताहेत अजून दोन बोटं आहेत.

मी ओरडले, "थांबव! खांब बुडाले!"

"तुंबाले पानी लागनं नई अजून!" हे माझ्यावर खेकसले.

"अहो, तुंबाच वर गेलाय! टायर मोठे झाले ना!"

सूनबाईनं आरशात माझ्याकडे बघितलं आणि गाडी थांबवली. तेवढ्यात गाडीचा मागचा भाग हलला. घसरला म्हणू की उचलला म्हणू? गाढ झोपलेल्या माणसाला कुणी खाटेसकट सरकवावं, तसं झालं. खालच्या अंगाला, जिथं फरशी संपते आणि डोह आहे तिकडे.

"आई, मागे बघा. कड किती लांब आहे?"

कड दिसत असती तर सांगितलं असतं. नुसतं पाणी. मी मागच्या काचेला नाक लावलं. आम्ही जिथून आत आलो होतो तिथली बाभळ दिसत होती. म्हटलं, "बाभळीवर धर. बाभळ तुझ्या उजव्या हाताला ठेव. हळू ये."

तिनं तो छोटा गिअर टाकला, चारही चाकांना जोर देणारा, आणि गाडी उलटी घ्यायला लागली. एक वीत, अजून एक वीत. मागचा भाग पुन्हा सरकला. तिला स्टीअरिंग पूर्ण वळवावं लागलं आणि टायर आत घासायला लागला, खर्रर्र, खर्रर्र. तो आवाज पाण्याच्या आवाजाच्या वर. मला वाटलं आता फाटतोय.

हे खिडकीतून वाकलेले तसेच, पण आता तुंब्याकडे बघत नव्हते, डोहाकडे बघत होते. त्यांचा हात दारावर होता, त्यावर मी माझा ठेवला. गार होता.

"बाभळ कुठंय, आई?"

"उजवीकडेच. ये. ये. अजून ये."

मागची चाकं खडीवर चढली तेव्हा गाडीनं असा हिसका दिला की मोढा माझ्या नडगीवर आदळला. सूनबाईनं गाडी पार वर, बाभळीच्या पुढे नेली, बंद केली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

मग हे म्हणाले, "चार बोटं व्हती तवय निंघी जातू."

म्हणजे मी ओरडले नसते तर पार झालो असतो म्हणे. तेव्हा सूनबाई पहिल्यांदा सासऱ्यावर चढ्या आवाजात बोलली. "नाना, आता एक शब्द नको. तुम्हाला धुळ्याला न्यायचंय मला. पोहोचवायचंय."

त्यांनी खिडकीची काच वर घेतली.

दुसरी वाट होती, वरच्या पाड्यावरून डोंगराच्या कडेनं. लांब पडते, नुसता चिखल आणि चढ. त्या वाटेनं पावसाळ्यात ट्रॅक्टरसुद्धा कुरकुरतो. तिनं दवाखान्यात फोन लावला, उशीर होईल म्हणाली. पलीकडून उत्तर आलं, सकाळची पाळी गेली, दुपारच्या पाळीत कुणी आलं नाही तरच बघू. म्हणजे पोहोचूनही मशीन मिळेल की नाही, ते माहीत नाही.

तरी निघालो. आणि इथं त्या टायरांनी काम केलं, हेही सांगायला हवं. एका चढावर गाडी दोनदा मागे आली, तिसऱ्यांदा दात रोवून वर गेली. पण प्रत्येक वळणाला तो खर्रर्र आवाज, आणि प्रत्येक खड्ड्याला ह्यांच्या तोंडून बारीक हूं. मी मागून त्यांची मान धरून बसले होते. साक्रीच्या पुढे मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा ओठ निळसर दिसत होते. सूनबाईला मी ते सांगितलं नाही. तिनं आरशात बघितलंच असेल, कारण गाडी आणखी जोरात निघाली. काटा काय दाखवत होता आणि खरं किती पळत होतो, देव जाणे.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दुपारची माणसं एकेक आत जात होती. मी बाकावर बसून मोजत नव्हते, पण डोळे जातातच. शेवटी नर्सबाईनं नाव पुकारलं, कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मग तिनं आमच्याकडे हात केला. ज्याचं नाव होतं तो का आला नसेल, हे मी विचारलं नाही. अजूनही कधी कधी मनात येतं.

मशीन लागलं. तासाभरानं ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मी शेजारी स्टुलावर. बाहेर व्हरांड्यात सूनबाई फोनवर नवऱ्याला सांगत होती आणि रडत होती. मग आत येऊन तिनं सांगितलं, तो म्हणतोय की रुंद टायर म्हणजे हवेच्या पिशव्या, वाहत्या पाण्यात गाडीला उचलायलाच बघतात. हे त्याला दुकानात सांगितलं होतं म्हणे. घरी कुणी विचारलं नाही, म्हणून तो बोलला नाही. विचारणार कोण? आमचा सगळ्यांचा भरवसा तुंब्यावर.

ह्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "पोरगी व्हती गाडीमा."

"हो."

"मन्हा एकलानं काय गेलं असतं. पन पोरगी व्हती."

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

"खोली पाहा म्हना त्याले. दवाखानाना जवळ. जिना नको."

"बघतो म्हणालाय."

"पन पोळा लगूनच. पोळाले माले घर पाहिजे. बैलसना शिंगे मी रंगाडसू, दुसरा कोनी नई."

"आणि पोळ्यानंतर पाऊस तुमचं ऐकून थांबणार का?"

"तवय पाहूत."

"तवय नाही. दसऱ्यापर्यंत. पोळ्याला एक दिवस नेईन, नाल्याला पाणी नसेल तर. आणि पाणी आहे का नाही, ते खांब बघून मी ठरवीन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सुई लावलेला हात हलवता येत नव्हता, म्हणून नुसती बोटं हलवली, ठीक आहे म्हणाल्यासारखी. मग थोड्या वेळानं, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "खोलीमा मन्ही खाट मावी का?"

म्हटलं, "मावेल. नाही मावली तर दार काढू."