खिशातलं वजन

माणूस दारातून आत आला की टेलरबाईंना आधी त्याचं माप दिसायचं, तोंड नंतर. कोणाचा खांदा उतरलाय, कोण पोट आत ओढून उभं आहे आणि घरी गेल्यावर सोडणार आहे, हे गळ्यातली टेप हातात घ्यायच्या आधीच त्यांना कळलेलं असायचं. "अंगाला खोटं बोलता येत नाही हो," असं त्या गिऱ्हाइकाला ऐकवायच्या आणि गुपचूप अर्धा इंच जास्त सोडायच्या.

त्यामुळे नवऱ्याची पँट कंबरेवर टिकत नाही, हे घरात सगळ्यात आधी दिसलं ते त्यांनाच.

नवरा नळदुरुस्तीवाला. गल्ली त्यांना नळभाऊ म्हणायची. आवाज असा, की वरच्या मजल्यावरून "पाणी बंद कर!" म्हणाले की रस्त्यावरची माणसंसुद्धा जागच्या जागी थबकायची. आधी तो आवाज बसला. मग बसला तो उठेचना. तपासण्या झाल्या आणि घशात गाठ निघाली, कॅन्सरची. डॉक्टर म्हणाले, "लवकर सापडलीय. रेडिएशनने जाईल. पण रोज यायचं, मध्ये खाडा चालणार नाही. आणि खात राहायचं. वजन उतरत गेलं तर उपचार मध्येच थांबवावे लागतात."

"खायचंच ना?" नळभाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले. "त्यात मी पहिला नंबर काढतो."

सुरुवातीला काढलाही. मग तोंड आलं, थुंकी डिंकासारखी झाली, सूप काय आणि साबणाचं पाणी काय, चव एकच. घास तोंडात घ्यायचे आणि घर बघायला आलेल्या भाडेकरूसारखा इकडून तिकडे फिरवत बसायचे. आत जायची त्याची तयारीच नसायची.

एके दुपारी ते झोपलेले असताना टेलरबाईंनी त्यांच्या पँटी मशीनवर घेतल्या. कंबर आत घेतली, जुना टाका उपटला, नवा तसाच दिसेल असा घातला. माणसाला आपलीच पँट ढगळ झालेली दिसली की अर्धा धीर तिथेच सुटतो, असं त्यांचं मत.

सासूबाई दारात येऊन उभ्या. "काय चाललंय?"

"शिवण उसवली होती, आई."

"उसवलेली शिवण आत कशी गेली गं?"

टेलरबाईंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "त्यांना बोलू नका."

"मी कशाला बोलतेय?" सासूबाई म्हणाल्या. "मला काय दिसतंय, या वयात?" आणि सुईत दोरा त्यांनीच ओवून दिला.

गंमत अशी की हॉस्पिटलचा काटा मात्र खूश होता. पहिल्यांदा तो जरा उतरला, तेव्हा टेलरबाईंचा चेहरा पडला होता. त्यानंतर मात्र दर आठवड्याला वजन जसंच्या तसं. आहार बघणारी ताई, चष्म्याच्या वरून बघायची सवय असलेली एक चुणचुणीत मुलगी, म्हणायची, "वा काका!" नळभाऊ छाती काढून काट्यावरून उतरायचे. टेलरबाईंना वाटायचं, पँट आत घ्यावी लागतेय आणि वजन तेवढंच, हे कसं? पण काटा बोलला की आपण कोण? चांगली बातमी आली की माणूस तिला कुठून आलीस म्हणून विचारत नाही.

मग एक दिवस नळभाऊ आत गेले आणि लगेच बाहेर आले. मागोमाग रेडिएशनचं मशीन चालवणारा.

"काकू, आज देता येणार नाही. मास्क सैल झालाय. काका आत मान हलवू शकतायत."

मास्क म्हणजे चेहऱ्याच्या मापावर बेतलेली जाळी. ती टेबलाला पक्की अडकवायची, म्हणजे मान हलत नाही आणि किरण हवे तिथेच पडतात. माप चुकलं की काय होतं, हे टेलरबाईंना समजावून सांगायची गरज नव्हती.

आहारवाल्या ताईने नळभाऊंना काट्यावर उभं केलं. वजन तेच. तिने काट्याकडे पाहिलं, नळभाऊंकडे पाहिलं.

"काका, वजन इथे आहे, मग गाल कुठे ठेवून आलात?"

"हवा बदललीय," नळभाऊ म्हणाले.

टेलरबाईंना राहवेना. "ताई, काटा बिघडलाय तुमचा. यांच्या पँटी मी दोनदा आत घेतल्यात."

नळभाऊंनी गर्रकन मान वळवली. "काय? माझ्या पँटी?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"अगं बाई! आणि मी समजतोय कंबर तर आहे तशी आहे, फार काही उतरलं नाही, चार-दोन तुकड्यांत भागेल..." आणि त्यांनी पटकन खिशावर हात ठेवला.



"कसले तुकडे, काका?" ताईने अगदी गोड आवाजात विचारलं.

नळभाऊंनी खिशात हात घातला. टेबलावर पितळी तोटी आली. तिच्या शेजारी बेंड. मग सॉकेट, आणखी एक सॉकेट, एक व्हॉल्व्ह. दुसऱ्या खिशातून पाना निघाला तेव्हा मशीनवाला भिंतीकडे तोंड करून हसायला लागला.

"हिचा चेहरा पडला होता ना पहिल्यांदा," नळभाऊ पुटपुटले. "बघवला नाही."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तिच्या शिवणीमुळे त्यांना वाटलं थोडंच उतरलंय; त्यांच्या पितळेमुळे तिला वाटलं काहीच उतरलं नाही. आणि एवढं पितळ घेऊन ती पँट कंबरेवर राहिली कशी? तर बाईंच्या शिलाईमुळे!

"छान," ताई म्हणाली. "नवराबायकोने मिळून मला उल्लू बनवलं. आता खिसे रिकामे ठेवून चढा."

काट्याने खरं सांगितलं. ताईचं हसू मावळलं. नवा मास्क उद्या होईल, पण वजन आणखी उतरलं तर उपचारच अडतील. तोंडाने जात नाही तर नाकातून बारीक नळी पोटापर्यंत घालायची, त्यातून पातळ अन्न द्यायचं. काही दिवसांसाठीच.

"नळी नाही," नळभाऊ म्हणाले आणि सरळ बाहेर चालू लागले.

घरी आल्यावर तेच. "जन्मभर लोकांच्या भिंतीत पाइप घातले. आता माझ्यात घालणार? गल्ली काय म्हणेल?"

टेलरबाईंनी टेप काढून टेबलावर ठेवली. बोलायचं ठरवलं की त्या आधी हात मोकळे करायच्या.

"अहो, एखाद्याच्या घरातली मुख्य लाइन दुरुस्तीला काढली, तर तोवर त्या घराला तुम्ही तहानलेलं ठेवता?"

"बायपास टाकतो. तात्पुरता."

"आणि घरमालक म्हणाला, शेजारी काय म्हणतील, तर?"

"गाढव आहे म्हणतो त्याला."

सासूबाईच कोपऱ्यातून म्हणाल्या, "बरं झालं, स्वतःच म्हणालास. मी आई, मला म्हणवलं नसतं."

नळभाऊंनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हसतायत की रडतायत, हे टेप लावूनही सांगता आलं नसतं. टेलरबाई जवळ जाऊन बसल्या.

"यापुढे माझ्यापासून लपवायचं नाही," त्या म्हणाल्या. "मीही लपवणार नाही. चेहरा पडला तर पडला. उचलू दोघं मिळून."

"जड आहे तुझा चेहरा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नळी कोण घालणार? त्याला हात आहे ना नीट?"

नळी घालणाऱ्या नर्सला त्यांनी जोड कुठे, झाकण कसं, उलटं येणार नाही ना, असं विचारून भंडावून सोडलं. घरी अन्न सोडताना टेलरबाईंच्या डोक्यावर मुकादमासारखे बसायचे. "हळू! प्रेशर बघ!" टेलरबाई म्हणायच्या, "दमानं घ्या, ही तुमची टाकी नाही." "माझीच आहे!"

आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, नळी असली तरी गिळायचा व्यायाम सोडायचा नाही, नाहीतर गळा गिळणंच विसरेल. जीभ बाहेर, जीभ आत, जोर लावून कोरडं गिळणं. नळभाऊंना एकट्याने लाज वाटायची, म्हणून तिघंही करायची. एकदा एक गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं, तर टेलरबाई, नळभाऊ आणि सासूबाई ओळीने जिभा काढून बसलेली. ती बाई दारातूनच परत फिरली. "जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, "हसू गिळत गेली तर तिचंही गिळणं सुधारेल."

नवा मास्क शेवटपर्यंत घट्ट बसला. त्यानंतर एकही खाडा झाला नाही. शेवटच्या दिवशी नळभाऊ बाहेर आले, गळा काळवंडलेला, नाकात नळी, आणि काट्यावर स्वतःहून चढले. आधी दोन्ही खिसे बाहेर काढून ताईला दाखवले. वजन टिकलं होतं. ताईने टाळ्या वाजवल्या, मग रांगेतल्या अनोळखी माणसांनीही वाजवल्या.

घोट घोट करत तोंडाने खाणं परत आलं आणि नळी निघाली. पुढे तपासणीत डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "स्वच्छ. काही शिल्लक नाही." तपासण्या चालू ठेवायच्या होत्याच, पण तो शब्द टेलरबाईंनी घरापर्यंत मनातल्या मनात शंभरदा म्हटला.

त्या दिवशी नळभाऊ ताट घेऊन बसले. मऊ भात, वर अंडं. हळूहळू, पाण्याचे घोट घेत, पण स्वतःच्या हाताने. सासूबाई बघत नाही असं दाखवत बघत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. टेलरबाईंनी घेतला. पलीकडून कोणीतरी ओरडत होतं, स्वयंपाकघरात पाणी झालंय, तोटी उडालीय, नळभाऊंना आत्ताच्या आत्ता पाठवा!

टेलरबाईंनी एकवार ताटाकडे पाहिलं. मग कधी नव्हे इतक्या मोठ्या आवाजात, रस्त्यावरची माणसं थबकावीत अशा आवाजात म्हणाल्या,

"बादली लावा! नळभाऊ जेवतायत!"