चॅम्पियनचा खुराक

पीटी शिकवणाऱ्यांच्या कपाटात ढाली कमी आणि डोक्यात किस्से फार! आम्ही निवृत्त शिक्षिका अजूनही जमतो. एकीने सुरू केलं की दुसरीला दम धरवत नाही. माझे किस्से मात्र सगळ्याजणी हसत ऐकायला लागतात, आणि थोड्या वेळाने कोणीतरी उठून चहा टाकते.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात मुलींच्या शाळेत होते. नववीतली सुमन माझी चारशे मीटरची धावपटू. अनवाणी धावायची, पण काय धावायची! ही पोरगी एकदा पुण्याला राज्य स्पर्धेत धावलेली पाहायची, एवढी एकच इच्छा घेऊन मी रोज सकाळी मैदानावर जायचे. बाकी त्या नोकरीत इच्छा धरावी असं काही नव्हतं.

*

सुमनच्याच वर्गात मोहिनी होती, कापड दुकानदाराची लेक. तिचे वडील दरवर्षी जूनमध्येच डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून द्यायचे. पोरीला काय झालंय ते डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. सगळ्याजणी मैदानाला फेऱ्या मारायच्या, आणि मोहिनी कडुनिंबाखाली बसून डब्यातली सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेली वडी, खायची.

एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, निदान उभी तरी राहा!"

"नको नं बाई," ती म्हणाली, "यायले पाहूनच मी थकून गेली!"

*

एकदा मुख्याध्यापिकांनी आहारावर बोलायला एक डॉक्टर बोलावले. दूध, अंडी, फळं, गाढ झोप... गृहस्थ तासभर बोलले. शेवटी त्यांनी विचारलं, "रोज सकाळी दूध कोण कोण घेतं?"

सगळे हात वर! डॉक्टर खूश, मुख्याध्यापिका त्याहून खूश. सुमनचाही हात वर पाहून मी मात्र चकित झाले. नंतर तिला गाठलं.

"काय वं, तुमच्या घरी दूध येते?"

"येते नं बाई. चहात."

*

मग मीच घरून भिजवलेले हरभरे न्यायला लागले. प्रॅक्टिस संपली की प्रत्येकीला मूठभर. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर ही गर्दी! ज्यांना कधी चालताना पाहिलं नव्हतं, त्या पळायला आल्या.

आठवडाभराने लक्षात आलं, हरभरे कोणी खातच नव्हतं. सगळ्याजणी रुमालात बांधून घरी नेत होत्या. मी सुमनवर ओरडले, "अगं, हे तुझ्या अंगी लागायला देते मी!"

ती मान खाली घालून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आईनं उसळ केली, बाई. सगळ्यायले आवडली. आई म्हणे, बाईंले म्हण, उद्या जरा जास्त द्या."

मला रागही आला आणि रडूही. दुसऱ्या दिवशी जास्त नेले. पुरले नाहीत.

*

गणिताच्या बाई एकदा तावातावाने माझ्याकडे आल्या. "तुमची चॅम्पियन माझ्या तासाला झोपते!"

सुमनला विचारलं. एका खोलीत सगळं घर. बाप गिरणीतून पाळी संपवून उशिरा यायचा, जेवायचा. नळाला पाणी यायचं अंधारातच. तेव्हा हंडे घेऊन रांगेत उभी कोण राहणार? सुमन.

मी गणिताच्या बाईंना म्हटलं, "झोपू द्या हो. तेवढाच तिचा आराम."

"आणि ती मोहिनी? तीही झोपते!"

"तिचं जेवण जड असतं."

"म्हणजे एक खाऊन झोपते, एक न खाता झोपते," त्या म्हणाल्या, "आणि गणित दोघींनाही येत नाही!"

*

जिल्हा स्पर्धेचा दिवस. रिलेत तिसऱ्या मुलीच्या हातात बॅटन आलं, ती चार पावलं धावली आणि ट्रॅकवर मटकन खालीच बसली. मी धावत गेले. तोंड पांढरंफटक.

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही, बाई. चतुर्थी हाय नं. आम्ही जिंकलो पाहिजे म्हणून साऱ्या टीमनंच उपास धरला. पाणी बी नाही पेलो!"

मी कपाळावर हात मारला. वर्षभर यांच्या पोटात चार घास जावेत म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि यांनी माझ्यासाठी उपास केला! तिकडे कुंपणापाशी मोहिनी साबुदाण्याची उसळ खात उभी होती. "माझा बी उपास हाय, बाई!"

दुपारच्या उन्हात चारशे मीटर झाली. सुमन पहिली आली. उपाशी धावायची सवय तिलाच होती.

*

तिची पुण्यासाठी निवड झाली. मी शाळाभर पेढे वाटले. दोन-चार दिवसांनी तिची आई शाळेत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"सुमन लय चांगली धावते म्हणतात, बाई."

"चांगली? अहो, साऱ्या जिल्ह्यात पहिली आली!"

"तेच बोलाले आली. तिचं धावणं बंद करा."

माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती. "पुण्याला पाठवायची भीती वाटते का? मी सोबत आहे."

"नाही जी. तुमच्यासंगं काहाची भीती?"

"मग लग्न ठरवलं?"

"इतक्यात कुठं!"

"लोक नावं ठेवतात?"

"लोकायचं काय जी."

"मग काहून बंद करू?"

तिने दाराबाहेर पाहिलं. सुमन जवळपास नाही याची खात्री केली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "धावून आली का तिले भूक लागते, बाई."