यंदा डबे ऑफिसला जाणार नाहीत

बिस्किटं दरवर्षी संपतात. टेबल घडी होऊन स्टोअररूममध्ये जातं, उरलेल्या पिशव्या कुणीतरी घरी नेतं आणि आम्ही सुटलो म्हणतो. किस्से मात्र साठतच जातात. चार घरं जेवायला एकत्र आली की कुणीतरी म्हणतंच, "वृंदाताई, तो टेबलाखालचा सांगा ना," आणि मी सुरू होते. माझा नवरा तेवढ्यात बाल्कनीत सटकतो, त्याचे सगळे पाठ झालेत. तुम्ही नवीन आहात, तुम्ही बसा.

आधी थोडक्यात सांगते. शारजातल्या आमच्या दोन-तीन बिल्डिंगांतल्या मराठी मुलींचा एक गट आहे. तो मी चालवते, म्हणजे ओरडते. हवा जरा निवली की डिसेंबर-जानेवारीत मुली लॉबीत टेबल मांडून बिस्किटं विकतात. रीतसर परवानगी काढून, कारण इथे त्याशिवाय असल्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. नानकटाई, खजुराची आणि नारळाची. त्या पैशांतून फेब्रुवारीत खोर फक्कानला समुद्रकाठी कॅम्प. आईबाप बरोबर नाहीत, तंबू आपला आपण ठोकायचा, भांडी आपली आपण घासायची. घरी ताट न उचलणाऱ्या मुली वर्षभर त्या भांड्यांची वाट बघतात!

* * *

तर टेबलाखालचा. ईरा तेव्हा सात वर्षांची होती. मकरंद आणि शलाका देसाईंची एकुलती एक. जन्म इथलाच, भारत म्हणजे दर जुलैला जायची एक गरम जागा. घरात मराठी, बाहेर सगळं इंग्लिश. गटातली सगळ्यात लाजाळू.

तिच्याकडून मी वाक्य घोटून घेतलं होतं. नमस्कार करायचा, कॅम्पसाठी आहे म्हणायचं, किंमत सांगायची. पहिलं गिऱ्हाईक आलं ते तिसऱ्या मजल्यावरचे सुदानी आजोबा. सहा फूट उंच, हातात काठी. ईरा टेबलाखाली गायब. आणि खालून आवाज आला, "Good evening. It is for our camp. Fifteen dirhams."

मी ओरडणार होते. पण आजोबांनी काठी टेबलाला टेकवली, सावकाश फरशीवर बसले आणि तिथेच पैसे देऊन डबा घेतला. उठताना मला म्हणाले की दुकान छान आहे, फक्त छत थोडं खाली आहे.

* * *

पुढच्या एका वर्षी माझे सासरे साताऱ्याहून व्हिजिटवर आले होते. त्यांना वेळ जाईना म्हणून मी लॉबीत नेलं. चूक झाली. पंधरा दिरहॅम म्हणजे साडेतीनशे रुपये, हा हिशोब त्यांनी मनातल्या मनात केला असता तर ठीक होतं. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्याने करून दाखवायला लागले. वर हिंदीत सांगायचे की एवढ्यात आमच्याकडे पाच किलो पीठ आणि वर तूप येतं. लोक हातातला डबा परत ठेवायला लागले.

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. सासऱ्यांना बोलणार कोण? शेवटी ईराच पुढे झाली. एक खुर्ची उचलून तिनं दूर मुख्य दारापाशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "Ajoba, you are Security now."

आमचे आजोबा सुट्टी संपेपर्यंत त्या खुर्चीत ताठ बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करत होते. अजून फोनवर विचारतात, सिक्युरिटीला यंदा कोण आहे?

* * *

आता आमच्याकडची खरी पद्धत ऐका. म्हणायला विकतात मुली, पण निम्मे डबे विकायचे ते बाप. मुलीनं दहा-वीस डबे बाबांच्या गाडीत ठेवायचे, बाबांनी ते ऑफिसला न्यायचे. बापाची खुर्ची जेवढी मोठी तेवढी मुलीची विक्री जास्त.

आमचे जोग एका कंपनीत खातेप्रमुख. डबे पँट्रीत ठेवून नुसतं एक ईमेल टाकायचे. बॉसच्या मुलीच्या बिस्किटांना नाही कोण म्हणणार? त्यांच्याच हाताखाली आमच्या गटातला आणखी एक बाप होता. बिचारा एकदा आपल्या मुलीचे दहा डबे घेऊन ऑफिसला गेला, नेमका त्याच दिवशी जोगांचा ईमेल आला. संध्याकाळी तो घरी परतला. दहा नेले होते, बारा आणले!

मकरंद देसाईचं तसं नव्हतं. त्याचं ऑफिस दुबई मरीनाला, खुर्ची काही फार मोठी नाही, पण माणूस असा की सगळ्यांना त्याच्याशी बोलावंसं वाटतं. लेबनीज मॅनेजरपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याच्याकडून घ्यायचे. "हबीबी, व्हेअर इज माय कुकी?" असं डिसेंबर लागला की लोकच विचारायचे म्हणे. दरवर्षी ईरा पहिली यायची ती बापाच्या जिवावर, आणि तिला त्याचा केवढा अभिमान होता.

* * *

गेल्या वर्षी नोव्हेंबरात मकरंदची नोकरी गेली.

हे मी मकरंदला विचारूनच सांगतेय, नाहीतर जीभ उचलली नसती. कंपनीनं अख्खा विभाग बंद केला. इथे नोकरी गेली म्हणजे नुसता पगार जात नाही. त्याच्या व्हिसावर बायको, मुलगी, घर, शाळा, सगळं उभं असतं. काही महिन्यांत दुसरं काही मिळालं नाही तर सामान बांधायचं आणि परत. ईरा तेरा वर्षांची झाली होती. तिला काही सांगायचं नाही, असं नवराबायकोनं ठरवलं. शलाकाने मला सांगितलं ते स्वयंपाकघरात, नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मकरंद रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचा. कुठे जातो हे शलाकालाही धड माहीत नव्हतं.

मला कळलं ते बिस्किटांमुळे. आमची बिस्किटं भाजून देतात हमीदभाई. मूळचे रत्नागिरीकडचे, शारजाच्या औद्योगिक भागात त्यांची बेकरी आहे, आजूबाजूला सगळी गॅरेजं. डिसेंबरात मी पुढची ऑर्डर सांगायला गेले तर बाहेर गॅरेजची माणसं चहा पीत उभी, आणि प्रत्येकाच्या हातात आमची खजुराची बिस्किटं. आमच्या मुलींनी स्टिकर लावलेला डबा बाकड्यावर उघडा.

मी हमीदभाईंना विचारलं, हा काय प्रकार? ते हसले नाहीत.

"काय सांगू भाभी. माझाच माल शहरात जाऊन परत माझ्याच दारात येतो. देसायांचा पोरगा रोज एक डबा फोडतो आणि सगळ्यांना वाटतो."

आतल्या खोलीत मैद्याच्या पोत्यांमागे छोट्या टेबलावर लॅपटॉप उघडून मकरंद बसला होता. समोर नोकऱ्यांचे अर्ज. गळ्यात टाय तसाच. हमीदभाईंनी त्याला पंखा लावून दिला होता आणि कुठलाही प्रश्न विचारला नव्हता.

मला बघून तो उभा राहिला. घरी पाहुणे आल्यावर राहतात तसा. मला रडूच आलं, पण मी ते तिथे गिळलं.

"वहिनी, ईराला सांगू नका," तो म्हणाला. "डबे तिनं मोठ्या हौसेनं गाडीत ठेवलेत. तिचा कॅम्प होऊ दे. तो हसत होऊ दे, मग सांगतो."

मी बरं म्हटलं. निघताना हमीदभाई मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले की भाभी, तुम्ही काही बघितलंच नाही असं समजा. मी म्हटलं, समजले.

* * *

त्याच आठवड्यात आमची मीटिंग होती. मुली, आया, दोन-तीन बाप, आणि विषय होता टेबलावर कोण कधी बसणार. ईरानं हात वर केला. तिला नियम बदलायचा होता. यंदापासून डबे कुणाच्याही बाबांनी ऑफिसला न्यायचे नाहीत, मुलींनी स्वतः समोर उभं राहून विकायचे.

मुली तिच्यावर तुटूनच पडल्या. सगळ्यात जास्त डबे तर तुझेच बाबा विकतात, तुझाच नंबर जाईल! जोगांची मुलगी म्हणाली की हा वेडेपणा आहे. मी आपली कौतुकाने बघत होते. वाटलं, पोर मोठी झाली, हिला न्याय-अन्याय कळायला लागला.

"My Baba's office is boring," ईरा म्हणाली. "Nobody there eats cookies anymore."

आणि खाली बसली. मकरंद माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. तो हसला, सगळे हसले. मी नियम मंजूर करून टाकला, कारण निदान त्याच्या गाडीत आणखी डबे तरी जाणार नव्हते.

* * *

पुढच्या शुक्रवारी ईरा माझ्याबरोबर गाडीत होती, पिशव्या आणायला निघालो होतो. शारजात शाळांना शुक्रवारपासून सुट्टी असते, दुबईतली बरीच ऑफिसं मात्र शुक्रवारी अर्धा दिवस चालतात. देसायांकडे वर्षानुवर्षांचा रिवाज होता. शुक्रवारी दुपारी मकरंद लवकर यायचा आणि तिघं मासे खायला बाहेर जायचे.

मी सहज विचारलं, आज कुठे जेवणार मग?

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "He forgot about Fridays, Aunty. He comes home in the evening."

माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला.

मी म्हटलं, काम असेल गं जास्त. तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं. तिला सगळं माहीत होतं. नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं तिला. एक महिना ती पोर घरात गप्प हसत-खेळत होती.

"Please don't tell him I know," ती म्हणाली. "He is working so hard at it."

आता मला सांगा, मी काय करायचं होतं? बाप म्हणतो मुलीला सांगू नका, मुलगी म्हणते बापाला सांगू नका. शलाका नळ सोडून रडते. फटकळ म्हणून अख्ख्या शारजात माझं नाव, आणि मी तोंडाला कुलूप लावून तिघांमध्ये बिस्किटं मोजत बसले होते. इन्शाल्ला काहीतरी होईल, एवढंच स्वतःला सांगायची.

* * *

शेवटचा किस्सा डिसेंबरच्या सुट्टीतला. रविवारची संध्याकाळ, लॉबीत ही गर्दी. ईरा टेबलामागे, हातात नारळाच्या बिस्किटांचे डबे. मकरंद खाली मदतीला आला होता, खोकी उचलून देत होता. मी सुट्टे पैसे बघत होते.

जोग लिफ्टमधून उतरले. माणूस वाईट नाही, आवाज मोठा आहे इतकंच.

"काय देसाई! मुलीनं तुमचा धंदाच बंद केला म्हणे. बरं, उद्या सकाळी माझी मरीनालाच मीटिंग आहे, तुमच्या शेजारच्याच टॉवरमध्ये. अकराला तुमच्या ऑफिसात येतो. चहा पाजा."

मकरंदच्या हातात खोकं होतं. ते त्यानं खाली ठेवलं नाही आणि वरही दिलं नाही. आसपास आमची निम्मी मंडळी उभी होती. मी, जिला कधी शब्द कमी पडले नाहीत, ती नुसती नाणी इकडून तिकडे करत राहिले.

ईरा टेबलाला वळसा घालून बाहेर आली. बापाच्या हातातलं खोकं काढून तिनं बाजूला ठेवलं. मग एक डबा उचलून त्याच्या हातात दिला.

"बाबा, उद्या नको जाऊस ऑफिसला," ती म्हणाली. "मला पण सुट्टी आहे. आपण घरीच बसून चहाबरोबर खाऊ."

जोग हसले. म्हणाले, झालं, मुलीनं रजा मंजूर केली, आता आमचा चहा गेला.

मकरंद हसला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तीही नजर न हलवता त्याच्याकडे.

"बरं," तो म्हणाला. "नाही जात."