दोन्ही अंगांनी कागद

कळस गावच्या रानात लाकडाची खोली बांधली ती बायकोच्या छातीच्या दुखण्यासाठी. पत्र्याखाली उन्हाळ्यात हिला दम लागायचा. सुतारानं लाकडी सांगाडा उभा केला, बाहेरनं फळ्या, आतनं सिमेंटची शीट. मधल्या पोकळीत काय भरायचं तेवढं राहिलं. तो म्हणाला, बारामतीत रॉकवूल म्हणून दगडाची लोकर मिळते ती भरू, प्लास्टिकचा कागद एकाच अंगाला लावू आणि फळीमागं हवेला फट ठेवू. मी म्हणालो, उसाचं पाचट रानात पडलंय की. शेततळ्यात अंथरून उरलेला जाड कागदही होता, तो दोन्ही अंगांनी मारायला लावला. ज्यातनं तळ्याचं पाणी सुटत नाही, त्यातनं पाऊस काय आत येणार.

सुतार म्हणाला, "आबा, भाईरचं आत यायचं न्हाय. पर आतलं भाईर कुठनं जायचं?"

"भिंत काय पाणी पिती व्हय?" मी म्हणालो. तो कागद मारत राहिला.

पाचट वरनं वाळलेलं होतं. मधलं ओलसर होतं, ते मला दिसलं होतं. तरी भरलं. त्यात उन्हाळाभर कूलर, आणि थंडीत ती तिथंच वाफ घ्यायची.

दुसऱ्या वर्षी ती म्हणायला लागली, भिंतीला वास येतोय. मी म्हणायचो, तुझं नाकच बिघडलंय. तिनं खाट वीतभर पुढं ओढली. जायला-यायला अडचण होती म्हणून मी परत भिंतीला लावली. असं चार-पाच वेळा झालं, मग तिनं ओढायचं सोडलं. दिवाळीनंतर ती गेली. डॉक्टर म्हणाले, छातीचं जुनंच दुखणं.

आता पोरगी बाळंतपणाला येणार, आईच्याच खोलीत राहीन म्हणाली. म्हणून सुताराला बोलावून शीट काढली. कागद फाडला तर पाचटाचा काळा लगदा. खालच्या लाकडात त्यानं बोटानं खिळा दाबला, तो आत गेला.

"ह्यानंच गेली का ती?" मी विचारलं.

त्यानं खिळा काढून पुसला. "मी सुतार हाय, आबा. मला लाकडाचं इचारा."

लाकूड बदललं. तो आधी म्हणाला होता तसंच सगळं केलं.

पोरगी आली आणि खाट भिंतीला सारायला लागली. मी म्हणालो, "तितं नगं." तिनं का म्हणून विचारलं. मग तिला बसवून भिंतीतनं काय निघालं ते सांगितलं, आईची खाट मी मागं लोटायचो तेही सांगितलं. ती रडली नाही. उठली, खाट वीतभर पुढं ओढली.