मनगटातली घुमघुम

माझी मुलगी दोन वर्षांची असल्यापासून तिचं डावं मनगट घुमत असे. बोटं ठेवली की थरथर लागायची, कान लावला की बारीक, अखंड आवाज. मी रेल्वेत विजेच्या खात्यात आहे. चालू ट्रान्सफॉर्मर असाच घुमतो. त्यामुळे असेल, मला त्याची भीती वाटली नाही. गावाकडचे पाहुणे आले की ती हात पुढे करून म्हणायची, "ऐका, माझी मोटर."

नववीपर्यंत ते मनगट उजव्यापेक्षा दीड सेंटिमीटर जाड झालं आणि जिना चढताना तिला धाप लागू लागली. जयपूरच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. रक्त नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या नळ्यांमध्ये बारीक जाळी असते. हिच्या हातात ती जन्मापासूनच नीट झाली नव्हती. रक्त जाळीतून न जाता थेट परत फिरत होतं, त्याचाच तो आवाज, आणि हृदय दमत होतं. असं फार थोड्या मुलांना होतं. ऑपरेशन करावं लागेल, ते म्हणाले, दोन बोटं जाऊ शकतात. आणि मुळासकट निघालं नाही तर हे पुन्हा वाढतं. "आवाज परत आला तर लगेच या."

बोटं वाचली. पट्टी निघाल्यावर मी मनगटाला हात लावला. काहीच नव्हतं.

माझ्या कामात आवाज थांबला की धावाधाव होते. इथे तो सुरू होण्याची धास्ती. रोज तिची आंघोळ झाली की मी मनगट धरून बसायचो. घरात कुठेही काही घुमलं की आधी तिच्याकडे बघायचो. बायको म्हणाली, "अहो, फ्रिजचाही हात धरून बघा एकदा." मुलगी हसली, पण दुसऱ्या दिवशी तिनं मनगट मागे घेतलं. "बस ना बाबा. आता मी बघेन. मतलब, माझाच हात आहे ना?"

त्यानंतर दर रविवारी मी नुसतं विचारायचो आणि ती म्हणायची, "काही नाही."

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली. जयपुरात, झोटवाड्यातल्या आमच्या घरात एवढी शांतता कधी नसते. खोलीत डोकावलो तर ती कुशीवर पडली होती. डोळे मिटलेले आणि डावं मनगट कानाला घट्ट लावलेलं.

मी आत गेलो. "कधी परत आला?"

"काय?"

"आवाज."

"नाही आला."

"मग काय ऐकतेस?"

ती उठली नाही. "लहानपणापासून मी त्याच्यावरच झोपायचे ना. वाटतं, असेल अजून आत कुठेतरी."

"तुला हवाय तो?"

"हवा नाही. पण झोप नाही येत, बाबा."

मी जमिनीवर बसून तिच्या मनगटाला कान लावला. व्रण गालाला टोचला. तेवढ्यात वीज आली, पंखा फिरू लागला आणि कानात काहीतरी घुमलं. आम्ही दोघांनी एकदमच हाताकडे पाहिलं. मी उठून पंखा बंद केला आणि पुन्हा कान लावला. बराच वेळ.

"आहे?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि हात पुन्हा कानाखाली घेऊन पडून राहिली.